नाशिकचं लायसन्स जर्मनीत कसं बदलून घ्यायचं: पेठ रोडपासून सुरुवात करा

माझा भाचा अंबड एमआयडीसीतली नोकरी सोडून दोन महिन्यांत जर्मनीला चाललाय. दर रविवारी त्याचा फोन असतो, मावशी जाड जॅकेट इथून घेऊ का तिथून, मावशी कुकर नेऊ का, आणि मागच्या रविवारी म्हणाला, "मावशी, लायसन्सचं तर काही टेन्शन नाहीये ना? आठ वर्षांचं आहे माझं, तिथे गेलो की बदलून घेतो." मी म्हटलं थांब रे, हे फोनवर नको, नीट लिहूनच देते. कारण मीपण असंच म्हणत गेले होते, आणि श्टुटगार्टच्या बाजूला सहा वर्षं राहिले तेव्हा ओळखीच्या जवळपास प्रत्येक मराठी घरात हाच घोळ पाहिलाय. आता नाशिकला परत आलेय, त्याच्यासाठी लिहितेय ते तुमच्यापैकी कोणी निघालं असेल तर त्यांनाही कामी येईल.

आधी हे समजून घ्या की बदलून घेणं म्हणजे काउंटरवर जुनं कार्ड दिलं आणि नवं घेतलं असं नसतं. जपान, दक्षिण कोरिया, अमेरिकेतली काही राज्यं अशांची जर्मनीकडे एक यादी आहे, तिथल्या लोकांना परीक्षा माफ असते किंवा अर्धी माफ असते, भारत त्या यादीत नाही. म्हणजे आपल्याला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावंच लागतं, मग तुम्ही वीस वर्षं गाडी चालवत असा. तरीपण आपल्या लायसन्सचा फायदा आहे आणि चांगला मोठा आहे. तिथे नव्याने लायसन्स काढणाऱ्याला दीड-दीड तासाचे १४ थिअरी क्लास आणि गावाबाहेरचा रस्ता, ऑटोबान म्हणजे तिथला एक्सप्रेसवे, रात्रीचं ड्रायव्हिंग असे १२ स्पेशल लेसन सक्तीचे होते आणि सगळं मिळून तीन हजार युरोच्या आसपास सहज जायचे. आपल्या हातात चालू भारतीय लायसन्स असेल तर ही सक्ती आपल्याला नाही, किती लेसन घ्यायचे ते तुम्ही आणि तुमचा इन्स्ट्रक्टर मिळून ठरवता. या प्रकाराला तिथे उमश्रायबुंग म्हणतात. हा एक शब्द पाठ करूनच जा, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या तो बोला, नाहीतर तुम्हाला नवशिके समजून अख्खं पॅकेज पुढे करतील.

निघायच्या आधीची कामं

तुमचं लायसन्स पक्कं पाहिजे, लर्निंग चालत नाही. आणि ते जर्मनीत राहायला जायच्या आधी काढलेलं पाहिजे. हे ठळक सांगते कारण बऱ्याच जणांचा प्लॅन असा असतो की आत्ता वेळ नाही, दिवाळीला घरी येऊ तेव्हा काढून घेऊ. एकदा तुमचं राहणं तिथलं झालं की सुट्टीत नाशिकला येऊन काढलेलं लायसन्स ते धरत नाहीत, मग तुम्ही तिथे नवशिकेच, सगळे क्लास आणि सगळा खर्च. त्यामुळे ज्याच्याकडे कारचं लायसन्स नाही आणि जायला सहा महिने आहेत त्याने आजच लर्निंगला नंबर लावावा. घरात बायको पण जाणार असेल तर तिचंही काढा, ती पुढे गाडी चालवेल की नाही ते नंतर बघू असं करू नका, तिथल्या छोट्या गावात गाडीशिवाय बाईमाणसाची फार अडचण होते, दिवसभर घरात अडकून पडलेल्या मी पाहिल्यात.

मग नाव. माझं लायसन्स कॉलेजात असतानाचं, त्यावर माहेरचं आडनाव आणि मधे बाबांचं नाव, पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यावर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे कोणी विचारत नाही, समोरच्याला कळतंच. तिथल्या लायसन्सच्या ऑफिसातल्या बाईंनी दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, पेनचं टोक आधी एका आडनावाखाली ठेवलं, मग दुसऱ्याखाली, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी सांगतेय की ही दोन्ही मीच, त्या शांतपणे म्हणतात की असेल, पण कागद कुठाय. मग नाशिकहून मॅरेज सर्टिफिकेट मागवलं, त्याचं जर्मन भाषांतर केलं, पुन्हा अपॉइंटमेंट, यात तिथे भारतीय लायसन्सवर गाडी चालवायचे माझे सहा महिने संपत आले. हे सगळं इथे बसून झालं असतं. सारथी पोर्टलवर लायसन्सवरचं नाव बदलायचा अर्ज आहे, तो भरा आणि पुढचं पेठ रोडच्या आरटीओत करून टाका. पुरुषांनीपण बघा, कुणाच्या कार्डवर वडिलांचं नाव मधे असतं, कुणाच्या नसतं, स्पेलिंगमध्ये एखादा ए कमीजास्त असतो. पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

तारीख बघा. वर्षभराच्या आत संपणार असेल तर रिन्यू करूनच निघा, संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं. ज्यांच्याकडे अजून जुनं पुस्तकवालं लायसन्स आहे त्यांनी ते कार्डात करून घ्या, जुना रेकॉर्ड कधी कधी ऑनलाइन सापडत नाही आणि तो चढवून घ्यायला चकरा होतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नव्या कार्डवर पहिल्यांदा कधी लायसन्स मिळालं ती तारीख दिसतेय का तेही बघा. नसेल तर आरटीओकडून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डचा उतारा, काढून सोबत ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं हे काल-परवाच काढलंय.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट पण इथूनच काढायचं, आरटीओची फी १००० रुपये आहे, एक वर्ष चालतं. यावरून फार गैरसमज आहे, इंटरनॅशनल आहे म्हणजे एक वर्ष तिथे बिनधास्त गाडी चालवता येते असं लोक धरून चालतात. तसं नाहीये, ते फक्त तुमच्या मूळ लायसन्सचं सगळ्यांना वाचता येईल असं भाषांतर आहे, स्वतःचं असं त्याला वजन नाही, मूळ कार्ड सोबत नसेल तर नुसत्या परमिटचा उपयोग शून्य.

सहा महिन्यांचं घड्याळ

तिथे पोचून राहायला लागलात की तिथून ६ महिने तुम्ही भारतीय लायसन्सवर कायदेशीर गाडी चालवू शकता, सोबत परमिट किंवा जर्मन भाषांतर ठेवायचं. बारा महिन्यांपेक्षा कमी राहणार आहोत असं कागदोपत्री दाखवता आलं तर मुदत वाढवून मिळू शकते, पण कायमच्या नोकरीवर गेलेल्याला ती वाट नाही. सहा महिने उलटले म्हणून लायसन्स बदलून घ्यायचा हक्क जात नाही, तो राहतो, फक्त मधल्या काळात स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि इथे कृपा करून आपली सवय नेऊ नका की कोण बघतंय, बघू पकडलं तर. त्यानंतर गाडी चालवली तर ते विनालायसन्स चालवणं होतं, तो तिथे फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद अशी तरतूद आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी भरलेले पैसे तुमच्याकडून मागू शकते. तुमचं तिथलं राहणं व्हिसावर असतं हे विसरू नका.

लोक काय करतात, पहिले चार महिने घर, फर्निचर, बँक, मुलांची शाळा यात घालवतात आणि पाचव्या महिन्यात लायसन्स आठवतं. अर्ज दिल्यापासून तो मंजूर व्हायलाच काही आठवडे जातात, मोठ्या शहरात दोन-तीन महिनेपण. म्हणून घराचा पत्ता नोंदवून झाला की, तो नोंदवायला घरात आल्यापासून दोन आठवडे असतात, त्याच आठवड्यात हे काम सुरू करा.

अर्जाला काय काय लागतं

पासपोर्ट, पत्ता नोंदवल्याचा कागद, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर. आपलं कार्ड इंग्लिशमध्ये आहे म्हणून भाषांतर लागणार नाही असं समजू नका, लागतं, आणि तेही तिथल्या शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचं किंवा एडीएसी या तिथल्या मोटार क्लबचं. इथे नाशिकमध्ये कुणाकडून करून नेलेलं बहुतेक परत करतात, त्यामुळे त्यावर इथे पैसे घालवू नका.

डोळ्यांची टेस्ट कुठल्याही चष्म्याच्या दुकानात होते, साधारण साडेसहा युरो, पाच-दहा मिनिटांचं काम. चष्मा असेल तर घालून जा. तो कागद दोन वर्षं चालतो.

मग फर्स्ट एडचा कोर्स, ४५ मिनिटांचे नऊ तास, बहुतेक एका शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रेड क्रॉस वगैरे संस्था घेतात आणि मोठ्या शहरात इंग्लिशमध्येही मिळतो. मी कंटाळत गेले होते आणि येताना वेगळीच होऊन आले. जमिनीवर चटई टाकून एकमेकांना कुशीवर वळवायला शिकवतात, बेशुद्ध माणसाचा श्वास चालू राहावा म्हणून, छाती कशी दाबायची आणि श्वास कसा द्यायचा, आणि बेशुद्ध पडलेल्या मोटरसायकलवाल्याचं हेल्मेट दोघांनी मिळून कसं काढायचं, एकाने मान आणि डोकं धरून ठेवायचं, दुसऱ्याने हळूहळू ओढायचं. माझ्यासमोर अठरा वर्षांचा एक मुलगा हेल्मेट घालून पडला होता, त्याची मान माझ्या दोन्ही हातांत होती, आणि मला सारखं द्वारकेचा चौक आठवत होता, तिथे पडलेल्या पोराला आपण चौघं हातपाय धरून उचलून रिक्षात टाकतो ते. लायसन्स देताना आपल्याकडेही हा एक दिवस सक्तीचा केला तर कितीतरी माणसं वाचतील असं मला मनापासून वाटतं. असो.

अर्जात ड्रायव्हिंग स्कूलचं नाव घालावं लागतं कारण प्रॅक्टिकल परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीत आणि इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून होते, स्वतःच्या गाडीत नाही. त्यामुळे आधी स्कूल शोधा. बोर्डवरचे दर बघण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा, एक म्हणजे उमश्रायबुंगवाले विद्यार्थी घेता का, आणि दुसरं, इंग्लिश बोलणारा इन्स्ट्रक्टर आहे का. ४५ मिनिटांच्या एका लेसनचे साठ-सत्तर युरो धरून चाला, म्हणजे एक लेसन फुकट गेला तर नाशिकमधली किती दिवसांची भाजी गेली याचा हिशेब आपोआप डोक्यात येतो, तर समजेल अशा भाषेत शिकवणारा माणूस पाहिजेच.

थिअरी

ही इंग्लिशमध्ये देता येते, कॉम्प्युटरवर असते. कारसाठी ३० प्रश्न, प्रत्येकाला दोन ते पाच पॉइंट, चुकांचे पॉइंट १० पर्यंत चालतात, पण पाच-पाचचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० च असली तरी नापास. प्रश्नांची बँक हजाराच्या वर आहे आणि सगळे प्रश्न अॅपवर मिळतात, पण जनरल नॉलेजवर जाऊ नका. एका प्रश्नाची दोन किंवा तीनही उत्तरं बरोबर असू शकतात, एकच टिक केलं की पॉइंट गेले. काही प्रश्नांना व्हिडिओ असतो, काहींना आकडा लिहायचा असतो, त्यात गाडी थांबायला लागणारं अंतर हमखास. त्याचं सूत्र सोपं आहे, वेगाला दहाने भागायचं आणि तिनाने गुणायचं, हे आपलं लक्ष जाईपर्यंत गाडी गेलेलं अंतर, आणि वेगाला दहाने भागून त्याचा वर्ग करायचा, हे ब्रेक लागल्यावरचं. ५० च्या वेगाला १५ आणि २५ म्हणजे ४० मीटर. १०० ला ३० आणि १००, म्हणजे १३०. वेग दुप्पट झाला आणि अंतर तिपटीच्या वर गेलं. समृद्धीवर १२० ने पुढच्या गाडीला चिकटून जाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून बघा.

रोज एक तास दिला तर महिन्याभरात होतं. नापास झालात तर साधारण दोन आठवडे थांबून परत देता येते. पास झाल्यापासून १२ महिन्यांत प्रॅक्टिकल पास व्हावं लागतं.

प्रॅक्टिकल, इथेच सगळे अडकतात

एकूण ५५ मिनिटं असते. पुढे तुम्ही आणि इन्स्ट्रक्टर, मागे परीक्षक, आणि ही परीक्षा जर्मनमध्येच होते. घाबरू नका, शब्द मोजके आहेत, लिंक्स म्हणजे डावीकडे, रेष्ट्स म्हणजे उजवीकडे, गेराडेआउस म्हणजे सरळ, आणि परीक्षक काहीच बोलला नाही तर सरळच जायचं. इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा की लेसनमध्ये हे शब्द जर्मनमध्येच बोल.

आपल्याला गाडी चालवता येते, तो प्रश्नच नाही, कसाऱ्याच्या घाटात पावसाळ्यात धुक्यात चालवलीय आपण. पण आपण समोरच्याच्या डोळ्यात बघून, हॉर्न देऊन, अंदाज घेऊन चालवतो. तिथे चिन्ह बघून चालवतात. पहिल्या वेळेस मी कशात नापास झाले ते सांगते. ३० चा झोन, दोन्ही बाजूंना गाड्या पार्क केलेल्या, मी अगदी हळू आणि व्यवस्थित चाललेय. उजवीकडून एक बोळ येत होता, त्याच्या तोंडाशी एक छोटी गाडी. माझा रस्ता रुंद, तिचा अरुंद, मला वाटलं अर्थातच ती थांबणार. आणि माझ्या पायाखालचं ब्रेकचं पेडल एकदम आपोआप खाली गेलं. तो पाय इन्स्ट्रक्टरचा होता. मागून कागदावर पेन घासल्याचा आवाज आला, परीक्षा तिथेच संपली. तिथला नियम असा की चौकात बोर्ड नाही, सिग्नल नाही, तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, रस्ता केवढाही असो. राहत्या वस्तीत असे चौक दर पन्नास पावलांवर असतात आणि प्रत्येक ठिकाणी वेग कमी करून मान वळवून उजवीकडे बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे.

दिसलं पाहिजे हे महत्त्वाचं. लेन बदलताना, वळताना, पार्किंगमधून निघताना आरसा बघून पुरत नाही, मान फिरवून खांद्यावरून मागे बघायचं, त्याला शुल्टरब्लिक म्हणतात. उजवीकडे वळताना तर खासच, तिकडून सायकलवाला सरळ जात असतो आणि हक्क त्याचा असतो. सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर जागा सोडायची.

सर्कलवर, जिथे सर्कलचा बोर्ड असतो तिथे, आत असलेल्याचा हक्क पहिला, शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना मात्र द्यायचाच. मुंबई नाक्याच्या सवयीने गाडी आत घुसवली की झालं. डिपरचंही तसंच, आपल्याकडे डिपर म्हणजे मी येतोय बाजूला हो, तिथे बरेच जण तू आधी जा म्हणून देतात, पण परीक्षेत त्यावर विसंबू नका. आणि फार हळू चालवणं हीपण चूक धरतात. गावाबाहेर १०० ची परवानगी आहे, रस्ता मोकळा आहे आणि तुम्ही ६० ने चाललाय तर परीक्षक लिहून घेतो.

शिवाय रिव्हर्स, दोन गाड्यांच्या मधे पार्किंग, एकदम ब्रेक मारून थांबणं यातलं काहीतरी विचारतात, आणि सुरुवातीला गाडीबद्दल एखादा प्रश्न, टायरची नक्षी किती खोल पाहिजे, तर कमीत कमी १.६ मिलिमीटर, धुक्याचा लाइट कुठे आहे, असं.

गिअर की ऑटोमॅटिक हे पण आधी ठरवा. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिक असा कोड पडू शकतो. २०२१ पासून अशी सोय आहे की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअरच्या गाडीवर ठरलेले लेसन आणि छोटी टेस्ट दिली की परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. पण नाशिकमध्ये रोज गिअरचीच गाडी चालवत असाल तर सरळ गिअरवरच द्या, डाव्या हाताऐवजी उजव्या हाताने गिअर टाकायची सवय दोन-तीन लेसनमध्ये होते.

प्रॅक्टिसबद्दल एक सांगते, हे कोणी मला सांगितलं नव्हतं. पहिले सहा महिने तुमचं भारतीय लायसन्स चालतं, म्हणजे त्या काळात मित्राच्या किंवा स्वतःच्या गाडीवर कायदेशीर प्रॅक्टिस फुकटात होते, रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात तेव्हा शेजारी लायसन्सवाला माणूस बसवून त्याच वस्त्यांमधून फिरा जिथे परीक्षा होते, गाडीच्या इन्शुरन्समध्ये तुमचं नाव आहे ना एवढं बघा. मुदत संपली की ड्रायव्हिंग स्कूलच्या लेसनशिवाय रस्त्यावर चालवता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एकीने सगळी प्रॅक्टिस अशी करून चार लेसनमध्ये परीक्षा काढली, मला मुदत संपल्यामुळे चौदा लागले.

कार्ड मिळताना

पास झालात की नवं कार्ड देताना तुमचं भारतीय लायसन्स ठेवून घेतात. एमएच-१५ चं कार्ड हातातून जाताना वाईट वाटतं, मला वाटलं. त्याआधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ स्कॅन घरी मेल करून ठेवा. नवं कार्ड १५ वर्षांचं असतं. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख तिथेच उभं राहून तपासा. कारच्या क्लासवर ५० सीसीपर्यंतची, ४५ च्या वेगाची स्कूटर चालते, आपली अॅक्टिव्हा त्यात बसत नाही, मोटरसायकलला परीक्षा वेगळी.

भाच्याला परवा कार्ड आणि पासपोर्ट घेऊन घरी बोलावलं होतं. ताईसमोरच टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, लायसन्सवर नाही. त्याने लगेच मोबाइलवर सारथी उघडलं, सोमवारी पेठ रोडला जातोय.